जुन्या संगणकाची बसलेली घडी नव्यावर

प्रश्न : ठाणे कोर्टाच्या परिसरात मराठी टायपिंगची कामं करते. विंडोज १० चा संगणक बदलून ११ चा घेतला. सगळी कागदपत्रं पेन ड्राइव्हवरून आणली, वर्डही टाकून घेतलं. पण पूर्वी ‘दिन्या’ लिहून स्पेस दिली की ‘दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, ठाणे’ उमटायचं, ते आता होत नाही. अशा तीनशेवर नोंदी होत्या. पुन्हा भरायच्या का? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : जुना संगणक फॉरमॅट केला नसेल तर एकही नोंद पुन्हा भरू नका. तो एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर आधी थांबा, कारण ऑटोकरेक्टच्या, म्हणजे लिहिलेलं आपोआप बदलून देणाऱ्या वर्डच्या सोयीच्या, नोंदी अजून त्यातच आहेत. वर्ड हा प्रोग्राम बसतो ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, पण तुम्ही त्याला लावलेल्या सवयी साठतात तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या ‘अ‍ॅपडेटा’त. हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ उचलून आणलं की सगळं आलं असं वाटतं, आणि नेमकं हेच मागे राहतं.

जुन्या संगणकावर वर्ड बंद करा. आउटलुकही, कारण तेही वर्डच्याच फाइली धरून बसतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत टक्क्याचं चिन्ह, इंग्रजीत अ‍ॅपडेटा आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं सलग लिहून एंटर द्या. ‘रोमिंग’ फोल्डर उघडेल. त्यात मायक्रोसॉफ्ट, त्याच्या आत ऑफिस. इथे ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या, ‘एसीएल’ शेपटीच्या फाइली दिसतील. नावातला आकडा भाषेचा असतो : ११०२ मराठी, १०८१ हिंदी, १६३९३ भारतीय इंग्रजी, १०३३ अमेरिकी इंग्रजी. असतील तेवढ्या सगळ्या घ्या. नोंद भरताना कळफलक इंग्रजीवर राहिला असेल, तर ती मराठीच्या फाइलीत नसून इंग्रजीच्या फाइलीत जाऊन बसलेली असते.

हात लागलाच आहे तर आणखी दोन फाइली उचला. मायक्रोसॉफ्टखालच्या टेम्प्लेट्समधली ‘नॉर्मल’ : तुमच्या स्टाइल्स, मॅक्रो, शॉर्टकट आणि ठळक-तिरप्या अक्षरांसकट साठवलेल्या नोंदी हिच्यात असतात. दुसरी मायक्रोसॉफ्टखालच्याच यूप्रूफमधली ‘कस्टम डिक’. माजिवडे, कोलशेत, कासारवडवली असे जे शब्द तुम्ही ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ केलेत, ते हिच्यात. ही नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त केलीत तर जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-१६ एलई ठेवा. चुकून एएनएसआय झालं की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात.

नव्या संगणकावर वर्ड बंद ठेवूनच या फाइली त्याच जागी ठेवा. तिथल्या मूळ फाइलींच्या नावापुढे ‘जुनी’ लावा, पुसू नका. आणलेली फाइल तिथल्या फाइलीत मिसळत नाही, तिची जागा घेते. म्हणजे नव्या संगणकावर मधल्या काळात भरलेल्या नोंदी दिसेनाशा होतील. वर्ड उघडं असताना ‘नॉर्मल’ बदललीत, तर वर्ड बंद होताना स्वतःकडची प्रत तिच्यावर लिहू शकतं आणि मेहनत वाया जाते.

एवढं करूनही ‘दिन्या’ तसंच राहिलं तर ऑटोकरेक्टची खिडकी उघडा आणि तिच्या शीर्षकात कोणती भाषा लिहिलीय ते बघा. तिथे इंग्रजी दिसत असेल तर बहुधा फाइल ठीक आहे, पण विंडोजमध्ये मराठी कळफलकच जोडलेला नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली मराठी जोडा आणि त्या कळफलकावरून लिहून पाहा.

प्रश्न : फायरफॉक्सच्या प्रोफाइलमधली (माझी सेटिंग्ज, पासवर्ड साठवणाऱ्या फोल्डरमधली) पासवर्डची फाइल नव्या लॅपटॉपवर आणली, तरी यादी रिकामीच. – एक वाचक, वाशी

उत्तर : तुम्ही ‘लॉगिन्स’ आणली, ‘की४’ राहिली. पहिलीत कुलूपबंद पासवर्ड असतात, दुसरीत किल्ली. एकीचा दुसरीशिवाय उपयोग नाही. त्यापेक्षा फायरफॉक्स बंद करून अख्ख्या प्रोफाइलमधलं सगळंच नव्या प्रोफाइलमध्ये ओता. नव्या लॅपटॉपवरची आवृत्ती जुन्याइतकी किंवा पुढची हवी. मागची असेल तर फायरफॉक्स ते प्रोफाइल उघडायला नकार देतं. क्रोमच्या बाबतीत हा मार्ग चालत नाही. तिथले पासवर्ड विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेले असतात, म्हणून सिंक वापरा किंवा सीएसव्ही फाइल काढा. त्या फाइलीत पासवर्ड उघडे वाचता येतात, त्यामुळे काम झाल्याबरोबर ती पुसा, रिसायकल बिनमधूनही.

प्रश्न : पुट्टीत (दूरच्या सर्व्हरशी जोडून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) साठवलेले चाळीसेक सर्व्हर नव्या मशीनवर कसे न्यायचे? अ‍ॅपडेटात काहीच सापडत नाही. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पुट्टी ही यादी फाइलीत ठेवत नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात लिहितं. रेजएडिटमध्ये करंट यूझर, सॉफ्टवेअर, सायमनटॅथम असे उतरत जा आणि ती फांदी एक्स्पोर्ट करा. आयात करण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सर्व्हरमध्ये शिरायला लागणाऱ्या खाजगी किल्लीचा फक्त पत्ता तिच्यात असतो, किल्लीची पीपीके फाइल वेगळी न्यावी लागते. नव्या मशीनवर तुमचं यूझरनेम वेगळं असेल तर तो पत्ता बदला. बदलताना प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा हवी. एकच दिलीत तर पत्ता चुकतो आणि पुट्टीला किल्ली सापडत नाही.