सेनोतेत उतरण्याआधी

मित्रा, समुद्रात चाळीस डाइव्ह झाल्या म्हणून मेक्सिकोतल्या युकातानच्या सेनोतेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांत, खोल जायची घाई करू नकोस. चुनखडीचं छत कोसळून तयार झालेल्या त्या विवरांतून पुढे गुहा सुरू होतात. समुद्रात डोक्यावर मोकळं पाणी असतं, इथे दगड. ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाच पट, म्हणजे सिलिंडरही पाच पट लवकर संपतो. त्यात श्वासातल्या नायट्रोजनची गुंगी चढते आणि नेमकं तेव्हाच वाटतं, सगळं छान चाललंय.

मला सगळ्यात जास्त भीती गाळाची वाटते. पायातल्या फिनचा एक फटका तळाला लागला की पीठ उधळल्यासारखं होतं, टॉर्च असून स्वतःचा हात दिसत नाही. मग अंगठा-तर्जनीच्या कडीत दोरी धरून चाचपडत बाहेर यायचं. म्हणून उघड्या पाण्यापासून सलग दोरी हवीच. दिवे तीन. सिलिंडरमधल्या गॅसचा एक तृतीयांश जाताना, एक परतताना, उरलेला राखीव.

हा तृतीयांशाचा नियम रुजवणारा गुहा-डायव्हर शेक एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोतल्याच साकातोन या पाण्याने भरलेल्या खोल विवरात डाइव्ह करताना मरण पावला. इतका जाणता माणूस! केव्ह डायव्हिंगचा कोर्स केल्याशिवाय उजेडापलीकडे जाऊच नकोस. आणि तू किंवा तुझा जोडीदार, दोघांपैकी कुणीही अंगठा वर केला (म्हणजे डाइव्ह संपवण्याची खूण), की कारण न विचारता मागे फिरायचं.