धावणाऱ्या मुलाची सिगारेट

प्रश्न : मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. माझ्याकडे सराव करणारा सोळा वर्षांचा एक विद्यार्थी १५०० मीटर धावतो. गेले काही महिने तो शेवटच्या फेरीत मागे पडतो आणि नंतर गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ धापा टाकत राहतो. दिवसाला तीन-चार सिगारेटी ओढत असल्याचे त्याने कबूल केले. मात्र रोजच्या धावण्याने सगळे भरून निघते, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, भरून निघत नाही. तुमच्यापाशी तो खरे बोलला, ही मात्र मोठी जमेची बाजू आहे.

शेवटच्या फेरीत तुम्हाला जे दिसते, त्याचे एक कारण रक्तात आहे. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि जेवढे हिमोग्लोबिन तो अडवून धरतो तेवढे ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामातून बाद होते. निकोटिनमुळे नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे पायांच्या स्नायूंना ऑक्सिजनची सर्वाधिक गरज असते नेमका तेव्हाच पुरवठा तोकडा पडतो.

मला अधिक काळजी वाटते ती फुप्फुसांची. उंची वाढायची थांबली तरी त्यांची क्षमता पुढे काही वर्षे वाढत असते आणि या वयातले धूम्रपान, अगदी मोजक्या सिगारेटींचे असले तरी, ती वाढ मंदावते. मुलींमध्ये हा परिणाम अधिक आढळला आहे. धावल्याने हृदय आणि स्नायू बळकट होतात, पण वाढीच्या वयात राहून गेलेली फुप्फुसांची वाढ धावून परत मिळवता येत नाही, आणि धुरातले डांबर घामावाटे बाहेर पडत नाही.

आज सोडली तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. खोकला आणि दम लागणे कमी व्हायला मात्र काही आठवडे ते महिने लागतात. सुरुवातीच्या दिवसांत चिडचिड होईल, झोप बिघडेल, सरावात लक्ष लागणार नाही. हा निकोटिन सुटण्याचा त्रास आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा आणि त्या काळात कृपा करून त्याला संघातून काढू नका, कारण मैदान सुटले तर सिगारेट सोडण्याचे त्याच्याजवळचे सर्वांत मोठे कारणच जाईल. सकाळी उठल्याउठल्या ओढल्यावाचून राहवत नसेल, तर सवय व्यसनापर्यंत पोहोचली आहे असे समजून डॉक्टरांची मदत घ्यावी.

आणखी एक. सगळा दोष सिगारेटवर टाकून मोकळे होऊ नका. दमा आणि रक्तक्षय यांमुळेही असाच दम लागतो, म्हणून पालकांना सांगून त्याची एकदा तपासणी करून घ्या. धावताना छातीत घरघर होत असेल, छाती दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्या तपासणीपर्यंत त्याला धावू देऊ नका.