ठासणीची बंदूक: दारू किती, गोळी कुठवर?

ठासणीच्या बंदुकीने करायच्या छोट्या शिकारीबद्दल आलेली बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची आहेत. साहजिक आहे. तिथे खारीचा आणि सशाचा हंगाम असतो, रीतसर परवाना मिळतो. कोकणातून आलेला एक प्रश्न शेवटी घेतला आहे.

प्र. खारीसाठी .३२ ची (०.३२ इंच नळीची) केपवाली रायफल घेतली आहे, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी लावायची. कोणी १५ ग्रेन दारू सांगतं, कोणी ४०. नेमकी किती घालावी? (पिट्सबर्ग)

२० ग्रेनपासून सुरुवात करा. दारू काळी, ‘तीन एफ’ दाण्याची (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक). २० ग्रेन म्हणजे साधारण १.३ ग्रॅम, पण मोजायची ती मापाने. तराजू रानात कोण नेतो? बिनधुराची आधुनिक दारू या नळीत चिमूटभरही जाता कामा नये, नळी फाटते. ४० ग्रेनने खार मरते खरी, पण खायला फारसं काही उरत नाही. तिथली करडी खार आपल्या पट्टेरी खारीच्या चार-पाच पट, अर्धा किलोच्या आसपास. ०.३१० इंच व्यासाची, जेमतेम ४५ ग्रेन वजनाची शिशाची गोळी तिच्या डोक्यात बसली की काम झालं.

गोळीभोवतीची चिंधी ०.०१५ इंच जाडीची, घट्ट विणीची, निव्वळ सुती हवी. गादीच्या खोळीचं कापड उत्तम. नायलॉन मिसळलेलं असेल तर ते नळीत वितळतं. चिंधीला मेण आणि चरबीचं मिश्रण चोळा. थुंकी निशाणेबाजीच्या मैदानावर चालते, पण रानात तासभर भरून ठेवलेल्या बंदुकीत ती वाळून जाते.

भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर एक केप वाजवा. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपलमध्ये, म्हणजे केप बसते त्या पोकळ बोंडात, तेल साचलंय. मग दारू मापात घ्या आणि मापातून नळीत ओता. दारूच्या शिंगातून थेट कधीही ओतू नका. आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल, तर मापातली २० ग्रेन भडकणं आणि हातातलं अख्खं शिंग भडकणं यात बोटांचा फरक आहे. त्यानंतर चिंधी, गोळी, आणि ठासायची काठी म्हणजे गज. .३२ चा लाकडी गज बारीक असतो. तो नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरा आणि थोडा थोडा रेटा. वरच्या टोकाला धरून जोर लावलात, तर मोडलेला गज तळहातात घुसतो. केप सगळ्यात शेवटी, नळी सुरक्षित दिशेला धरून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली, तर बार उडताना नळी फुगते किंवा फाटते. बरोबर भरलेल्या बंदुकीत गज घालून नळीच्या तोंडाशी त्यावर एक खूण करा, रिकाम्या बंदुकीत दुसरी. दर वेळी खूण बघायची. ३-५ बारांनंतर काजळी साचून गोळी अडायला लागते, विशेषतः अशा अरुंद नळीत. अडली की हाणू नका. बंदूक भरलेलीच आहे हे विसरू नका, केप नाही याची खात्री करा आणि रेटून खुणेपर्यंत न्या. पुढच्या बाराआधी मात्र ओलसर चिंधीने नळी पुसा.

निशाण २५ यार्डांवर जुळवा. दारू दोन-दोन ग्रेनने वाढवा आणि गोळ्या कुठल्या मापाला सर्वांत जवळ जवळ बसतात ते बघा. त्या मापाला थांबा, जास्तीचा मोह नको. जमिनीवर पडलेल्या चिंध्या गोळा करून बघा. मधोमध जळलेली असेल तर ती पातळ आहे किंवा चरबी कमी पडली. कडेने कापलेली असेल तर नळीच्या तोंडाची धार बोथट करून घ्यावी लागेल. फांदीवरच्या खारीमागे खोड नसेल तर चाप ओढू नका. चुकलेली गोळी दूर जाऊन कुठे पडेल, सांगता येत नाही.

प्र. दारू घालायची राहिली आणि गोळी तळाशी ठासली. आता? (केंटकी)

हे सगळ्यांचं होतं. निपल काढा, खालून तीन एफ दारूचे काही दाणे आत सारा, निपल बसवा. गोळी अजून तळाशीच आहे हे गजाच्या खुणेवरून तपासा, गज बाहेर काढा, मग सुरक्षित दिशेला बार काढा. दाणे आत जात नसतील तर गजाला गोळी ओढायचा स्क्रू लावून, शिशात फिरवून ओढा. पण स्क्रू वापरायचा तो आत दारू नाही याची पक्की खात्री असेल तरच.

प्र. गारगोटीची बंदूक आहे. रंजक (नळीबाहेरच्या वाटीतली पेटवणीची दारू) भपकन पेटतं, पण बार उडत नाही. कधी तर ठिणगीच पडत नाही. (ओहायो)

दोन वेगळे आजार आहेत. रंजक पेटूनही बार उडत नाही तेव्हा काना, म्हणजे वाटीतून नळीत जाणारं भोक, तुंबलेला असतो. कान्याचं भोक जेमतेम १/१६ इंच. काजळी ओल धरते आणि ते बुजतं. प्रत्येक वेळी भरल्यावर, रंजक घालण्यापूर्वी, तारेने टोचा. दुसरं कारण बरोबर उलटं: रंजक जास्त. वाटी काठोकाठ भरली आणि काना रंजकाखाली गाडला गेला, तर ज्योत थेट आत शिरत नाही. आधी कान्यातलं रंजक वातीसारखं जळत जातं. बार उशिरा उडतो, तोवर निशाण हललेलं असतं. ‘चार एफ’ची बारीक दारू ३ ग्रेनभर पुरे, आणि तीही कान्याच्या पातळीखाली.

ठिणगी पडत नसेल तर आधी फ्रिझन पुसा, म्हणजे ज्या पोलादी पट्टीवर गारगोटी घासते ती. तिच्यावर तेलाचा हात फिरलेला असतो. मग गारगोटी बघा. ती चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून जबड्यात पक्की आवळलेली हवी आणि धार फ्रिझनच्या रुंदीला समांतर हवी. बोथट झाली असेल तर धारेचे बारीक टवके काढा. दमट हवेत वाटीतलं रंजक अर्ध्या-एक तासाने टाकून नवं घाला. चिखलासारखं झालेलं रंजक पेटायची वाट बघू नका.

बार नाही उडाला, तर बंदूक त्याच दिशेला पूर्ण मिनिटभर धरून ठेवा. चेहरा जवळ नेऊन ‘काय झालं’ बघणाऱ्यांमुळेच हा नियम झाला आहे.

प्र. १२ बोअरच्या ठासणीच्या बंदुकीने ससे चुकतात. छर्रा मधोमध विरळ पडतो. (मिशिगन)

दारू कमी करा. ७० ग्रेन ‘दोन एफ’ आणि त्याच मापाने मोजलेला सहा नंबरचा छर्रा, म्हणजे जवळपास १ औंस. दारूवर जाड पुठ्ठ्याची चकती, त्यावर अर्धा इंच नरम लोकरी दट्ट्या, छर्रा, वर पातळ चकती. दारू जास्त झाली की दट्ट्या छर्ऱ्यातून घुसतो आणि मध्ये भगदाड पडतं. २५ यार्डांवर मोठ्या कागदावर बार काढून बघा. जुन्या नळीत पोलादी छर्रा नको. कॅलिफोर्नियात शिकारीला शिसंच चालत नाही, तिथे बिस्मथ धातूचा छर्रा घ्या. ससा सोलताना रबरी हातमोजे घाला. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो टाकून द्या, ट्युलरेमिया (माणसालाही लागणारा सशांचा आजार) असू शकतो.

प्र. साफसफाई कशाने? (टेक्सास)

पाण्याने, त्याच दिवशी. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग क्षार बनतो, त्यातला काही नळीत उरतो आणि हवेतलं पाणी ओढतो. कोमट पाणी, थोडा साबण, कोरडी चिंधी, मग तेल. उकळतं पाणी टाळा, नळी बघता बघता तांबूस होते.

प्र. दारू विमानाने नेता येते का? (न्यू जर्सी)

नाही. दारू आणि केप दोन्ही चेक-इन सामानातही बंद. जिथे शिकार आहे तिथेच विकत घ्या. आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ठासणीची बंदूक ‘अँटिक’ धरली जाते म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या न्यू जर्सीत तिला इतर बंदुकांसारखंच ओळखपत्र लागतं.

प्र. शेतीरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावावर होता. ते वारले. त्याच बंदुकीने ससा मारला तर? (कुडाळ)

दोन गुन्हे होतील. परवाना माणसाला असतो, घराला नाही. बंदूक लगेच पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून नवा अर्ज करा. ससा, रानकोंबडी यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराने पीक खाल्लं तरी वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते.

जमा करण्यापूर्वी घरातल्या कोणी घोडा ओढून बघू नये. भिंतीवरच्या अशा बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या राहतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू खराब होत नाही. ठाण्यात आधी कळवा आणि बंदूक भरलेली असू शकते हे सांगा. तिथे जाणकाराने केप काढून नळीत गज घालावा, तोंडाशी खूण करावी, मग तोच गज नळीला बाहेरून लावावा. टोक कान्यापर्यंत न पोचता अलीकडेच थांबत असेल, तर आत बार आहे.