अबॅकसचं पॅकेज राहू द्या, आधी घरातला विमा पाहा

मुलुंडच्या एका वाचक आईचं पत्र आहे. थोडक्यात असं: “मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. भरतनाट्यम (महिना १,५००), स्केटिंग (२,०००) आणि बुद्धिबळ (१,८००) चालू आहे. आता एका संस्थेत अबॅकस, वैदिक गणित आणि रोबोटिक्सचं ३ वर्षांचं पॅकेज सांगितलंय. मूळ फी १,२६,०००, पण लगेच नाव घातलं तर १,०८,०००, तेही ४,५०० च्या २४ बिनव्याजी हप्त्यांत. वर ८०सीची करसवलत मिळेल म्हणतात. त्यासाठी म्युच्युअल फंडातली ५,००० ची एसआयपी थांबवू का? मिस्टर ३७ वर्षांचे, हातात ९२,००० येतात. माझ्या शिकवण्यांचे १४,०००. गृहकर्ज ४६ लाख बाकी, हप्ता ४१,०००. मुलीच्या शिक्षणासाठी २ वर्षांपूर्वी तिच्या नावावर पॉलिसी घेतलीय, वर्षाला ६०,०००. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. टर्म विमा घेतला नाही, त्यात पैसे परत मिळत नाहीत. कंपनीचा १० लाखांचा विमा आहेच.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एसआयपी थांबवू नका आणि पॅकेज घेऊ नका. कारणं पुढे देतो. पण पत्रातल्या शेवटच्या चार ओळी आधी पाहायला हव्यात, कारण त्यांच्यापुढे ४,५०० चा हप्ता अगदी किरकोळ आहे.

मिस्टरांना उद्या काही झालं तर काय, हे एकदा कागदावर मांडा. घरखर्च, तुमच्याच आकड्यांवरून, महिना ४५,००० च्या आसपास. कर्जाचा हप्ता ४१,०००. तुमची कमाई १४,०००. म्हणजे दर महिन्याला ७२,००० कमी पडणार. कंपनीचे १० लाख १४ महिन्यांत संपतील आणि त्यानंतर घर विकायची वेळ येईल. नोकरी बदलली तर ते १० लाखही नाहीत, कारण गटविमा नोकरीबरोबर संपतो.

आणि ज्या पॉलिसीला तुम्ही वर्षाला ६०,००० भरताय, तिच्यात विमा आहे तो मुलीच्या जिवाचा! तिच्या कमाईवर घरात कोणीही अवलंबून नाही. विमा कमावत्या माणसाचा हवा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर प्रीमियम माफीचा रायडर (पॉलिसीला जोडलेली जादा सोय) आहे का, ते बघा. असला तरी वडिलांच्या पश्चात फक्त पुढचे हप्ते माफ होतात, पैसे मिळतात ते मुदत संपल्यावरच. नसला, तर तेव्हाही हप्ते तुम्हालाच भरावे लागतील.

बरं, शिक्षणाची सोय तरी होते का? तुम्ही जोडलेल्या कागदावर हप्ते १५ वर्षं, मुदत १८ वर्षं, विमा रक्कम ९ लाख आणि एजंटने पेनने लिहिलेले “१६ लाख”. मुलगी ६ वर्षांची असताना घेतलेली पॉलिसी १८ वर्षांनी मिळणार, म्हणजे ती २४ वर्षांची झाल्यावर. कॉलेजची फी १८ व्या वर्षी लागते. त्या १६ लाखांवर पूर्ण विश्वास ठेवला तरी परतावा जेमतेम ५ टक्के पडतो. छापील तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात, ते अंदाज असतात, आणि पेनने बहुतेक वेळा मोठा आकडाच उतरवला जातो. “मुलीच्या शिक्षणासाठी” या दोन शब्दांवर अशा पॉलिसी विकल्या जातात याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या विकत घेतात काळजी करणारेच आईबाप.

आता करायचं काय, तेही याच क्रमाने. आधी मिस्टरांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा: कर्जाचे ४६ लाख, घरखर्च वर्षाला ५.४ लाख म्हणजे १५ वर्षांचे साधारण ८० लाख आणि शिक्षणाचे २५. दीड कोटी धरा, वयाच्या ६० पर्यंत. तंबाखू न घेणाऱ्या निरोगी माणसाला वर्षाला साधारण २० ते २५ हजार पडतील. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. पैसे परत देणारं टर्म पुढे केलं जाईल. त्याचा प्रीमियम बराच जास्त असतो आणि वीस-बावीस वर्षांनी मिळतात ते आपलेच पैसे, बिनव्याजी. नको म्हणा. फॉर्ममध्ये तंबाखू, आजार, जुन्या पॉलिसी काहीही लपवू नका. दावा अडतो तो इथेच. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी हवी, अशी खूण फॉर्म भरतानाच करा आणि लाभार्थी म्हणून तुमचं व मुलीचं नाव द्या. मग त्या रकमेवर कर्ज देणाऱ्यांना हक्क सांगता येत नाही. ही खूण नंतर करता येत नाही.

टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुनीला हात लावा, आधी नाही. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, वैद्यकीय तपासणी धरून तेवढ्यात काम होतं, मात्र अर्ज याच आठवड्यात टाका. दरम्यान शाखेत जाऊन पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर उरणारी) आणि सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर हातात येणारी) दोन्ही लेखी मागा. पेड-अप केली तर विमा रक्कम १५ पैकी २ हप्त्यांच्या प्रमाणात उरेल, म्हणजे सुमारे १.२ लाख. सरेंडरला हमीची किमान रक्कम पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षात भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे ३६,०००, आणि तिसरं वर्ष सुरू झाल्यावर ३५ टक्के, म्हणजे ४२,०००. विशेष सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त निघू शकते. दोन्हींत तोटा आहे. पण पुढचे १३ हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशांवर मिळणार ६ टक्क्यांच्या आसपास. सुकन्या समृद्धीत सध्या ८.२ टक्के आहेत, करमुक्त. ते खातं मुलीला १० वर्षं पूर्ण होण्याआधीच उघडता येतं, तेव्हा हा मुद्दा पुढच्या वर्षावर ढकलू नका.

६०,००० मधून टर्मचे २४,००० गेले की ३६,००० उरतात. ते सुकन्यात, महिना ३,०००. मुलगी १८ ची होईपर्यंत, हा दर टिकला तर, साधारण ५.५ लाख, त्यातले निम्मे शिक्षणासाठी तेव्हा काढता येतात. तुमची ५,००० ची एसआयपी १० वर्षांत १० टक्के धरले तर १० लाखांवर जाते. म्हणून ती थांबवायची नाही.

आता क्लास. बिनव्याजी हप्ता म्हणजे मिस्टरांच्या नावावर वित्तसंस्थेचं कर्ज. ते सिबिलवर, म्हणजे कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, दिसतं. संस्थेला फी एकरकमी मिळते, व्याज तिच्या फीमध्ये आधीच मुरवलेलं असतं. मुलगी चौथ्या महिन्यात कंटाळली तरी हप्ते २४ च भरायचे, कारण करार क्लासशी नाही, वित्तसंस्थेशी आहे. सही करण्याआधी कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागता येतं. त्यात वार्षिक खर्चाचा दर, प्रोसेसिंग फी आणि कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडायची मुदत लिहिलेली असते. आणि ८०सी? साफ चूक. ती सवलत शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीवर आहे, खासगी क्लासवर नाही, आणि नव्या करप्रणालीत तर अजिबात नाही.

अबॅकसचा उपयोग होतो तो रोज १५-२० मिनिटं मणी हलवले तर. तीन क्लास असलेल्या मुलीच्या दिवसात ती कुठून येणार? शिवाय तिसरीत हातच्याचं गणित शाळेला पायऱ्यांसकट हवं असतं, आणि थेट उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे गुण जातात. रोबोटिक्सचं किट घरी मिळतं की क्लासमध्येच राहतं, हे आधी विचारा. कोडिंगची आवड बघायची तर ‘स्क्रॅच’ फुकट आहे आणि ८ ते १६ वयासाठीच बनवलंय. तरीही क्लास हवाच असेल, तर एकाच विषयाचे ३ महिन्यांचे पैसे रोख देऊ म्हणा. ‘फक्त आज’वाली सूट उद्या मिळत नसेल तर नसू दे.

चालू असलेल्या तिन्हींचे होतात ५,३००. रिक्षा त्यात धरलेली नाही. तीन क्लास, आठवड्यात दोन-दोन दिवस, जाऊन-येऊन १२ फेऱ्या, किमान भाडं २६ रुपये: महिना १,३०० च्या वर. वर स्नेहसंमेलनाचा पोशाख, परीक्षा फी आणि वाढत्या पायांना नवे स्केट्स. घरात येणाऱ्या रकमेच्या ५ टक्के, म्हणजे रिक्षासकट साधारण ५,३००, ही मर्यादा ठेवा. तुम्ही ती आत्ताच ओलांडलीय. या वयात एक शरीराचा आणि एक कलेचा पुरे. कोणता सोडायचा ते तिला विचारा. स्केटिंग सुटलं तर मुलुंडच्याच प्रियदर्शिनी क्रीडासंकुलात पोहण्याची चौकशी करा, आणि शाळेत बुलबुल पथक (स्काउट-गाइडमधलं लहान मुलींचं) असेल तर तिथे नाव घाला. गाठी मारणं, गटात राहणं, आपलं सामान आपण आवरणं तिथे शिकवतात.