शंभर मीटर कोठून मोजावे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. आमचे वडिलोपार्जित कौलारू घर अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ आहे. छप्पर गळते आणि मागच्या भिंतीला ओल धरली आहे, म्हणून ते पाडून दुमजली घर बांधावे असे भाऊबंदांचे मत आहे. गाभाऱ्यापासून अंतर मोजले तर ते शंभर मीटरहून थोडे अधिक भरते, तरीही पुरातत्त्व खात्याची परवानगी आणण्यास सांगण्यात आले. स्मारकापासून शंभर मीटरांत नवे बांधकाम करू न देणारा हा कायदा शिथिल होणार असे अनेक वर्षे ऐकतो आहोत. तोवर थांबावे काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थांबू नये. प्रथम अंतराविषयी. ते गाभाऱ्यापासून किंवा भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजले जाते, आणि ती हद्द मंदिराच्या बाहेर बरीच पुढे असू शकते. त्यामुळे आपले घर प्रतिबंधित क्षेत्रात असण्याचाच संभव अधिक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून हद्दीचा नकाशा पाहून घ्यावा.

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर केंद्रसंरक्षित स्मारक असल्याने त्याला प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो. संरक्षित हद्दीभोवतीचे पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम करता येणारे), ही विभागणी १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने ती कायद्याच्या कलमांतच गेली. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र घर त्या अधिसूचनेपूर्वीचे असेल, तर दुरुस्ती व नूतनीकरणासाठी कायद्याने त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कौले बदलणे किंवा भिंतीची ओल काढणे त्यात बसते. घर पाडून पुन्हा बांधणे बसत नाही, कारण व्याख्येतून पुनर्बांधणी स्पष्टपणे वगळलेली आहे. घर १९९२ पूर्वीचे आहे हे दाखवण्यासाठी घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि सिटी सर्व्हेचा उतारा आजच शोधून ठेवावा.

आता कायदा शिथिल होण्याविषयी. आपण ज्या विधेयकाविषयी ऐकले असेल, ते २०१७ मध्ये लोकसभेत मांडले गेले, जानेवारी २०१८ मध्ये तेथे संमत झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत, म्हणजे आपोआप रद्दबातल, झाले. पण ते मंजूर झाले असते तरी आपल्या छपराला त्याचा उपयोग नव्हता. त्यातील सवलत केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांपुरती होती. सरकारला स्वतःच्या रस्त्यांची आणि पुलांची अडचण दिसली, रहिवाशांची दिसली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. संसदेच्या संबंधित स्थायी समितीने २०२३ मध्ये सर्व स्मारकांना सरसकट लावलेल्या १०० आणि २०० मीटरच्या मर्यादांचा फेरविचार सुचवला, हे खरे. परंतु समितीची शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

आम्हाला अधिक खटकणारी दिरंगाई वेगळीच आहे. प्रत्येक स्मारकासाठी, तेथील उंची, दर्शनी भाग, सांडपाणी यांचा विचार करून, स्वतंत्र वारसा उपविधी, म्हणजे भोवतालच्या बांधकामाचे नियम, तयार करावेत, असे २०१० च्या दुरुस्तीतच म्हटले आहे. त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही, तरीही अनेक स्मारकांचे उपविधी वर्षानुवर्षे रखडले. तेव्हा अंबरनाथच्या उपविधींची आजची स्थिती काय आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली, उपविधींना मंजुरी देणाऱ्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाला विचारावे; आणि मसुदा हरकतींसाठी खुला असेल तर शेजाऱ्यांसह लेखी म्हणणे मांडावे. उपविधींमुळे शंभर मीटरची बंदी उठणार नाही, हे भाऊबंदांनाही सांगावे.

प्रश्न : ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला आहे. नवा कायदा होईपर्यंत अशा वास्तूंचे रक्षण होऊच शकत नाही काय?
— एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : होऊ शकते. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले. स्मारकांच्या संरक्षणाचे केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन कायदे आहेत; त्यांखेरीज नगररचना कायद्याखालील वारसा नियमावली हा तिसरा मार्ग आहे. मुंबईत ती १९९५ पासून आहे आणि २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ठाण्यासारख्या शहरांसाठीही तशी तरतूद आहे. या नियमावलीखालील वारसा यादीतील वास्तू वापरात राहू शकते, मात्र तिच्यात बदल करण्यापूर्वी वारसा समितीचा सल्ला घ्यावा लागतो. ठाण्याच्या यादीत या तटबंदीची नोंद कोणत्या श्रेणीत आहे, हे महापालिकेच्या शहर विकास विभागात विचारावे, आणि नोंद नसेल तर छायाचित्रे व जुने नकाशे जोडून आयुक्तांकडे लेखी प्रस्ताव द्यावा.