पक्ष्यांच्या पाट्या आणि शास्त्रीय नावांचे अर्थ: आधी यादी लेखी मागा

तुमची पोस्ट वाचली. देवगडच्या खाडीत तुम्ही होडीतून कांदळवन दाखवता, काठावर पक्ष्यांच्या पाट्या लावायच्या आहेत, पाटीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि त्याचा अर्थ. आणि ज्या कार्यालयाची परवानगी लागते त्याने ‘शास्त्रीय नावे अचूक नाहीत, दुरुस्तीसह फेरसादर करावे’ असा शेरा मारून कागद परत पाठवले. कुठलं नाव चुकलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय ब्राह्मणी घारीच्या नावाचा अर्थ एका ठिकाणी ‘सिंधू नदीची’ असा सापडला, तो बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही दापोलीकडे अशाच पाट्या केल्या होत्या आणि शेरा जवळजवळ याच शब्दांत आला होता. त्यामुळे उत्तर लांबणार, वेळ काढून वाचा.

आधीच सांगते, मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. शाळेत संस्कृत शिकवायचे, पक्षी बघायचा नाद आहे, आणि ग्रीक-लॅटिन येतं ते कोश उघडण्यापुरतं. मोठं अक्षर कुठे, लहान कुठे, तिरपा ठसा कधी, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. इथे नावं देवनागरीत लिहितेय; पाटीवर ती रोमन लिपीतच जायला हवीत.

आता कार्यालय. आमच्या यादीत पहिलाच पक्षी हरियल, आपला राज्यपक्षी. आम्ही लिहिलं होतं ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस. तिथल्या साहेबांनी कपाटातून एक जुनी पुस्तिका काढली, तिच्यात होतं फिनिकॉप्टेरा. ‘शेवटची अक्षरं चुकलीत,’ म्हणाले आणि लाल पेनने गोल केला. मी समजावलं की नावातला पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा; जातीचं नाव विशेषण असेल तर ते वंशाच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालतं, संस्कृतात सुंदरः बालकः आणि सुंदरी कन्या होतं तसंच. ट्रेरॉन हा शब्द पूर्वी स्त्रीलिंगी धरत, नंतर तो पुल्लिंगी ठरला, म्हणून शेपूट बदललं. कोकिळेचंही तेच: आधी युडायनामिस स्कोलोपेशिया, आता स्कोलोपेशियस. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, पुस्तिकेप्रमाणे करा.’ पुस्तिका कोणत्या वर्षाची ते कळायला मार्ग नव्हता, पहिलं पान फाटलेलं होतं.

पाट्या पुस्तिकेप्रमाणे रंगल्या. तांबट मेगॅलायमा हीमासेफाला झाला, वेंगुर्ल्याची पाकोळी कोलोकॅलिया युनिकलर झाली. पुढे साहेब बदलले. नवे साहेब मोबाईलवर ॲप घेऊन पाहणीला आले आणि एकेका पाटीपुढे उभे राहून ‘हे जुनं नाव आहे’ म्हणू लागले. पाट्यांच्या पैशांचा शेवटचा हप्ता अडकला. आधीची सूचना तोंडी होती, लाल गोल असलेला कागद त्यांच्याच फायलीत होता आणि फाइल ‘मिळून येत नाही’. दुसऱ्यांदा रंगवायचा खर्च समितीने गणपतीच्या वर्गणीतून उचलला. त्यावरून गावात जे बोलणं सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही, आणि त्यातलं बरंचसं मला ऐकावं लागलं. दोन्ही साहेब आपापल्या जागी अर्धे बरोबर होते, हे आज मान्य करते. पण कोणत्या यादीप्रमाणे नावं हवीत हे दोघांपैकी एकानेही कागदावर लिहून दिलं नाही, आणि भुर्दंड पडला तो आम्हाला.

म्हणून पेंटरला हाक मारण्याआधी अर्ज करा: ‘शास्त्रीय नावे कोणत्या जागतिक यादीप्रमाणे व तिच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीप्रमाणे अपेक्षित आहेत ते कळवावे.’ आवक शिक्क्याची पोच घ्या आणि तिची झेरॉक्स होडीत नव्हे, घरी ठेवा. उत्तर आलं नाही तर तुम्हीच एक यादी निवडा आणि तसं दुसऱ्या पत्राने कळवून टाका. वेगवेगळ्या जागतिक याद्या आजवर एकमेकींशी पूर्ण जुळत नव्हत्या. २०२५ मध्ये ॲव्हीलिस्ट नावाची एकत्रित यादी आली आहे, माझं मत तिच्या बाजूने. प्रत्येक पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात यादीचं नाव आणि वर्ष घाला. मग पुढे नाव बदललं तरी तुमची पाटी चुकीची ठरत नाही, फार तर जुनी ठरते.

आता अर्थाचा रकाना. आमच्याकडे तो त्या कार्यालयाने स्वतःच भरून दिला होता, कोणाकडून भरून घेतला देव जाणे. खाडीकाठच्या वंचकाचं नाव आर्डिओला ग्रेयी, त्यापुढे ‘राखाडी बगळा’. ब्राह्मणी घारीपुढे ‘सिंधू नदीकाठची’. साळुंकीपुढे नुसतं ‘दुःखी’. तीनही पाट्या तशाच लागल्या आणि एका सहलीतल्या मुलीने मला विचारलं की साळुंकी दुःखी का आहे. उत्तर असं की साळुंकीच्या नावातल्या ट्रिस्टिसचा मूळ अर्थ उदास हा खरा, पण इथे तो रंगाबद्दल घ्यायचा, मंद-मळकट. शास्त्रीय नावांची ही पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७६६ मध्ये साळुंकीला नाव दिलं तेव्हा तिला चक्क स्वर्गपक्ष्यांच्या वंशात बसवलं होतं. त्या झगमगीत मंडळींशेजारी आपली साळुंकी मळकटच दिसणार. आजचं वंशनाव ॲक्रिडोथेरिस, म्हणजे टोळ मारणारा, हे मात्र शेतकऱ्याला लगेच पटतं.

ग्रेयीचा राखाडी रंगाशी काही संबंध नाही. कर्नल साइक्स हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी दख्खनच्या पाहणीवर होता. त्याने १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली आणि ओळखीपाळखीच्यांना मनसोक्त नावं वाटली. वंचक गेला ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रेला. सह्याद्रीतला लाल गळ्याचा सूर्यपक्षी, एथोपायगा व्हिगोर्सी, गेला त्याच संस्थेचे चिटणीस निकोलस व्हिगोर्स यांना. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांच्या वाट्याला सातभाईंपैकी एक, मालकमी. साध्या घारीला मात्र त्याने गोविंदा हे नाव दिलं, ते आज उपजातीच्या नावात टिकून आहे. नावाच्या शेवटी ‘आय’ किंवा दोन ‘आय’ दिसले की बहुतेक वेळा तो माणूस असतो, आधी त्याचा शोध घ्या आणि रंगाच्या वाटेला जाऊ नका. रानकोंबडा, गॅलस सोनेराती, हाही असाच: सोनेरी नव्हे, प्येर सोनेरा हा फ्रेंच प्रवासी निसर्ग-अभ्यासक.

तुमचा मूळ प्रश्न. ब्राह्मणी घारीच्या हॅलिएस्टर इंडस या नावातला इंडस म्हणजे लॅटिनमध्ये ‘भारतीय’. नदीचं नावही तेच दिसतं, म्हणून गोंधळ होतो. हे नाव पीटर बॉडेर्ट या डच माणसाने १७८३ मध्ये दिलं, ते छापील फ्रेंच चित्रांना लॅटिन नावं लावताना, आणि त्या चित्राखालचा पक्षी होता पाँडिचेरीचा गरुड. सिंधू कुठे आणि पाँडिचेरी कुठे. पाटीवर ‘भारतातली’ लिहा आणि पुढे चला. त्याच बॉडेर्टने त्याच वर्षी आपल्या धनेशालाही नाव दिलं, तेही चित्रावरूनच. आजचं पूर्ण नाव अँथ्राकोसेरॉस कोरोनेटस, कोळशासारखं काळं शिंग आणि वर मुकुट. न बघता ठेवलेलं नाव इतकं चपखल बसतं कधीकधी.

गावांच्या नावांवरून पडलेल्या नावांत मात्र सावध राहा. सुगरणीचं नाव प्लोसियस फिलिपिनस, आणि सुगरण मूळची फिलिपिन्सची नाहीच. नमुना कुठून आला याची जुनी नोंद चुकली होती. नेहमीच्या पांढऱ्या गळ्याच्या खंड्याचं स्मिर्नेन्सिस हे तुर्कस्तानातल्या स्मिर्नावरून, आजचं इझमीर. तो तुर्कस्तानात मिळतो, तसा आपल्या विहिरीच्या काठावरही मिळतो. नियमच असा आहे की नाव गैरलागू ठरलं म्हणून बदलत नाही, आधी प्रसिद्ध झालेलं चालू राहतं. ‘चुकीचं आहे तर बदलत का नाहीत’ असं पर्यटक विचारतीलच, तर एवढं उत्तर पुरे.

वंशाचं नाव हलतं तेव्हा अर्थाचा रकाना उलटतो, हे कोणी सांगत नाही. मेगॅलायमा म्हणजे मोठ्या घशाचा. तांबट दुपारभर ठोकत बसतो, तेव्हा हे पाटीवर झकास दिसायचं. आता तो सायलोपोगॉन हीमासेफॅलस, उघडी दाढी, कारण हा वंश १८३६ मध्ये सुमात्राकडच्या एका वेगळ्या पक्ष्यासाठी काढला होता आणि आपला तांबट नंतर त्यात गेला. अशा वेळी वंशाच्या अर्थाचा हट्ट सोडा, नुसतं ‘रक्तवर्णी डोक्याचा’ लिहा. पाकोळीचं तर मला वाईटच वाटतं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांतल्या गुहांमध्ये ती लाळेने घरटं चिकटवते, आणि कोलोकॅलिया म्हणजे डिंकाचं घर! अंधाऱ्या गुहेत प्रतिध्वनीवर वाट काढणाऱ्या पाकोळ्या वेगळ्या काढल्यावर ती एरोड्रॅमस झाली, हवेत धावणारी. तसं कोणताही पक्षी हवेतच धावतो. मी तुमच्या जागी असते तर जुनं नाव कंसात ठेवून त्याचाच अर्थ दिला असता, पण साहेब कोणते भेटतात त्यावर आहे.

नावानंतर शास्त्रज्ञाचं नाव आणि साल द्यायचं असेल तर तिथला कंस पेंटरच्या मर्जीवर सोडू नका. कंस असला तर त्या माणसाने पक्ष्याला दुसऱ्या वंशात ठेवलं होतं, नसला तर आजचाच वंश त्यानेही दिला होता.

पर्यटकांना आवडतील अशी नावं कोणती, हेही तुम्ही विचारलंय. माझी आवड सांगते. पहिला कालवफोड्या, हिमाटोपस ऑस्ट्रॅलेगस: रक्तासारखे पाय आणि कालवं वेचणारा. किनाऱ्यावरच्या बायकांना हे नाव वाचून दाखवा, त्या आणखी काही सांगू देणार नाहीत, स्वतःच सांगायला लागतील. दुसरा नवरंग, पिट्टा ब्रॅकियुरा: आखूड शेपटीचा, आणि पिट्टा हा सरळ तेलुगू शब्द, लहान पक्षी. तिसरा पावसाबरोबर येणारा तिबोटी खंड्या, सेयक्स एरिथाका. ग्रीक कथेतला सेयक्स राजा समुद्रात बुडतो, राणी अल्सायोनी त्याच्यामागे उडी घेते, आणि देव दोघांना खंड्या करतात. नेहमीच्या खंड्याचं हॅल्सिऑन हे वंशनाव त्याच राणीवरून आलंय, तेव्हा या दोन पाट्या शेजारी लावा.

दयाळच्या पाटीवर मात्र भांडण आहे. कॉप्सिकस सॉलॅरिस. जर्डनसारख्या जाणकाराने लिहून ठेवलं की इंग्रजीतल्या ‘डायल-बर्ड’ (डायल म्हणजे घड्याळाची तबकडी) या नावावरून लिनियसला सूर्यघड्याळ सुचलं आणि लिहिताना सोलॅरिसचं, म्हणजे ‘सूर्याचा’चं, सॉलॅरिस झालं. गोष्ट चटकदार आहे, आणि म्हणूनच जागोजागी सापडते. पण लिनियसच्या कितीतरी आधी मद्रासच्या बल्कली नावाच्या डॉक्टरने हा पक्षी ‘सॉलारी’ या इथल्याच नावाने विलायतेला पाठवला होता, सॉलॅरिस हे त्याचंच लॅटिन रूप. मी हेच धरते. कोणी वाद घातला तर घालू द्या, होडीत तेवढाच वेळ जातो.

अर्थ शोधायला जेम्स जोबलिंग यांची किल्ली, म्हणजे पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांचा कोश, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्ष्यांच्या संकेतस्थळावर आहे, तिच्यापलीकडे फारसं काही लागत नाही. भाषांतराच्या ॲपमध्ये लॅटिन नाव टाकून आलेला अर्थ मात्र पाटीवर चढवू नका.

नावांशी संबंध नाही, पण सांगते: लोखंडी पत्रा घेऊ नका, खारी हवा खिळ्यांपासून खायला सुरुवात करते. आमच्या दुसऱ्या खेपेच्या पाट्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या खांबांवर स्टीलच्या स्क्रूने बसवल्यात, त्या अजून धड आहेत. फ्लेक्सचा तर विचारही नको.

समुद्रगरुडाची पाटी सगळ्यात शेवटी रंगवा. तो हॅलिएटस ल्युकोगॅस्टर होता, पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड. अलीकडे त्याला इक्थिओफॅगा या वंशात, मासेखाऊंमध्ये, हलवलंय, तेव्हा तुमची यादी काय म्हणते ते आधी बघा. इक्थिओफॅगा लिहायची वेळ आली तर या नावाच्या मूळ स्पेलिंगमध्ये ‘सी’नंतर ‘एच’ नाही. ग्रीकप्रमाणे तो हवा, पण पहिल्यांदा छापलं गेलं तेच अधिकृत राहिलं. पेंटर शहाणा असेल तर तो घालेल, त्याला घालू देऊ नका; आणि साहेबांनी लाल गोल केलाच, तर या वेळी त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. तुमची पूर्ण यादी इथे टाका, कार्यालयाचं नाव झाकून, मी रविवारी बसून बघते.