जमिनीचं नंतर पाहू, आधी तो तीन लाखांचा हप्ता

लांजा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४६. रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात नोकरी. पगार ३५ हजार, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा निम्माच हाती येतो. मुलगी बारावीत, तिला नर्सिंगला जायचं आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली, तिचा १८ लाख मोबदला मिळाला. ते विचारतात : राजापूरजवळ बारसूच्या सड्यालगत (कातळाच्या पठारालगत) २० गुंठे कातळ ७० हजार रुपये गुंठ्याने मिळतोय, रिफायनरी आली की भाव पाचपट होईल असं दलाल म्हणतो, घेऊ का? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ : ‘बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून तीन लाख २० वर्षांच्या एफडीत ठेवलेत, तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.’

एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. मी कागदांचे फोटो मागवले. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. दरवर्षी तीन लाख, सलग दहा वर्षं, आणि विसाव्या वर्षी ६२ लाख.

तुमची वर्षाची कमाई चार लाखांच्याही आत आहे. मोबदल्यातले १५ लाख उरलेत आणि अजून नऊ हप्ते, म्हणजे २७ लाख भरायचे आहेत. हे पैसे येणार कुठून, हा प्रश्न त्या साहेबांनी विचारायला हवा होता. ३० लाखांचे ६२ लाख ऐकायला दुप्पट वाटतात, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो जेमतेम पावणेपाच टक्के परतावा आहे. नवरा-बायकोने आपापल्या पीपीएफ खात्यात दीड-दीड लाख भरले असते, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी तेवढ्याच पैशांचे तेवढ्याच वर्षांत ८५ लाखांच्या पुढे झाले असते. ज्याची जमीन नुकतीच रस्त्यात गेली आहे, त्याच्या मोबदल्यावर कमिशनसाठी डोळा ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

आता काय करायचं? पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली. तरी दुसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीला लेखी तक्रार द्या की एफडी सांगून पॉलिसी विकली, आणि पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागा. त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते नीट बघा. अशा अर्जांत उत्पन्न फुगवून लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. तसं निघालं, तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

समजा तक्रार फेटाळली गेली. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडल्याची, काही रक्कम मिळते. म्हणून वर्ष संपेपर्यंत सरेंडरचा अर्ज टाकू नका. तीन लाख पूर्ण परत येणार नाहीत, पण ते वाचवायला आणखी २७ लाख अडकवण्यात शहाणपण नाही. एक मात्र आधी करा : या पॉलिसीतलं ३० लाखांचं संरक्षण जाईल, म्हणून साठीपर्यंतचा ५० लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. त्या तीन लाखांच्या दहाव्या हिश्श्यातही तो बसेल.

आता जमीन. नको.

कोकणात घोषणेवर भाव चढतात आणि कारखाना येतोच असं नाही. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी दाभोळच्या वीज प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि प्रकल्प पुन्हा उभा करायला सरकारी कंपन्यांना उतरावं लागलं. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाचा करार २०१० चा, जमीनही घेतली गेली, वीज अजून एक युनिट नाही. ही रिफायनरी आधी राजापूर तालुक्यातल्याच नाणारला होणार होती; तिच्यात २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक या तेल कंपन्या यायच्या होत्या, तीन लाख कोटींचा आकडा होता. २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झालं. मग २०२२ मध्ये बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणावरून बायाबापड्या सड्यावर उन्हात बसल्या. त्याच सड्यावरची कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. रिफायनरी हवी की नको, हे तिथल्या लोकांनी ठरवावं. पण तुमच्या मुलीची फी त्या निर्णयावर टांगू नका.

आणि आलीच, तरी तुमची जमीन हद्दीत असेल तर मोबदला सरकार ठरवणार; त्याचा अनुभव तुम्ही नुकताच घेतला आहे. हद्दीबाहेर असेल तर गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं. सात टक्क्यांनी १४ लाख दहा वर्षांत २८ होतात. म्हणजे गुंठा १ लाख ४० हजारांना विकला गेला, तरी नुसती एफडीशी बरोबरी. मुद्रांक शुल्क, दलाली वेगळी. सातबारा सामायिक निघाला, एखादा हिस्सेदार मुंबईला आणि दुसऱ्याची वारसनोंदच नाही, तर खटल्यात दहा वर्षं सहज जातात.

१५ लाखांतले दोन लाख पावसाळ्यासाठी बचत खात्यात, नर्सिंगच्या चार वर्षांच्या फीपुरते एफडीत (पावतीवर ‘मुदत ठेव’ लिहिलेलं स्वतः वाचून), आणि उरलेले दोघांच्या पीपीएफमध्ये वर्षावर्षाने. दलालाला अजून विसार दिला नसेल तर देऊ नका. आणि हप्त्याची तारीख यायच्या आत बँकेत जा, खात्यातून हप्ता आपोआप वळता होण्याची परवानगी लेखी रद्द करा आणि शिक्क्याची पोच घेऊन या.